पांढऱ्या पाटीची गाडी अन् तीनशे रुपये सीट

आर्णी तालुक्यातल्या एका शेतकरी वाचकाचं पत्र आहे. सात वर्षं जुनी सात सीटर डिझेल गाडी त्यांच्या नावावर, चालवतो सव्वीस वर्षांचा मुलगा. दोन वर्षांत दोन क्लेम झाले. पहिला रोही (नीलगाय) आडवा आला तेव्हाचा, हेडलाइट आणि बंपरचे ७,००० रुपये. दुसरा पुलाच्या कठड्याला धडकल्याचा, ६०,००० चा. आता एजंट म्हणतो, "तुमची केस हाय रिस्क झाली, फुल इन्शुरन्सला १९,००० लागतील." त्यापेक्षा नुसता थर्ड पार्टी, म्हणजे फक्त दुसऱ्याच्या नुकसानीचा विमा, काढला तर? आणि पत्राच्या शेवटी, जाता जाता: "पोरगा आठवड्यातून दोनदा गावातले पेशंट वर्ध्याजवळच्या सावंगी मेघेच्या दवाखान्यात नेतो. सीटमागं तीनशे घेतो, तेवढाच घराला हातभार."

भाऊ, हे शेवटचं वाक्य वाचून मी पत्र पुन्हा पहिल्यापासून वाचलं. पण आधी तुमचा प्रश्न उरकतो.

"हाय रिस्क" हा शब्द एजंटला आवडतो. थर्ड पार्टीचा दर सरकार ठरवतं: १,००० ते १,५०० सीसीच्या खाजगी गाडीला ३,४१६ रुपये, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे चार हजार. पोरगा कसा चालवतो, किती क्लेम झाले, याचा त्या दराशी संबंध नाही. महाग झालं ते गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचं कव्हर, कारण तुमचा नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याची सूट, गेली. पाच वर्षं क्लेम नव्हता, ५० टक्के सूट होती. ती शून्यावर आली. पुन्हा २०, २५, ३५, ४५ असं चढत ५० पर्यंत जायला पाच वर्षं. १२,००० च्या मूळ हप्त्यावर हिशेब केला तर त्या पाच वर्षांत सुटीचे १५,००० जातात. रोहीच्या ७,००० साठी हे केलं! दुसरा क्लेम मात्र योग्यच होता.

आता ती सीट.

पांढऱ्या पाटीची, म्हणजे खाजगी नंबरची गाडी भाड्यानं चालवायची नाही, हे पॉलिसीतच लिहिलेलं असतं. अपघात झाला आणि भाडं घेतल्याचं निघालं, की कंपनी हात वर करते. "डिझेलपुरते घेतो" असं सांगू म्हणाल, तर जखमी माणसाच्या पोलीस जबाबात तीनशे रुपये येतातच. कोर्टानं कंपनीला आधी भरायला लावलं, तरी ती नंतर गाडीमालकाकडून वसूल करू शकते. गाडीमालक तुम्ही.

किती? समजा, बत्तीस वर्षांचा माणूस गेला. महिन्याला १५,००० कमवायचा, घरी चार-पाच खाणारी तोंडं. वर्षाचे १ लाख ८० हजार, त्यात भविष्यातल्या वाढीचे ४० टक्के, त्याच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा, आणि वयाप्रमाणे १६ नं गुणायचं. तीस लाख. एका माणसाचे. अशी रक्कम कलेक्टरमार्फत जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होऊ शकते, म्हणजे सरळ तुमच्या सातबाऱ्यावर.

समोर कमाई काय? महिन्याला आठ फेऱ्या, फेरीला पाच सीट, १,५०० रुपये. त्यातले हजार डिझेलला. महिन्याला उरले चार हजार, टायर-ऑइल अजून धरलंच नाही.

एवढं असून तुम्ही नुसत्या थर्ड पार्टीवर उतरायचं म्हणता. त्यात गाडीत बसलेली माणसं सहसा धरलीच जात नाहीत, फुकट बसवलेलीसुद्धा.

अजून एक. तुम्ही पाठवलेल्या कोटेशनच्या फोटोत मालक-चालकाचं १५ लाखांचं अपघात कव्हर लावलंय. ते नोंदणीकृत मालकाला, आणि त्याच्याकडे चालू लायसन्स असेल तरच. तुम्ही लिहिता, स्टेअरिंगला कधी हात लावला नाही. मग हे पैसे कोणासाठी? चालवणाऱ्या पोराला त्यातून दमडी मिळणार नाही. त्याच्या नावानं वेगळी अपघात पॉलिसी घ्या. आणि वर्षाला ४०,००० ची "गॅरंटीड" आयुर्विमा पॉलिसी काढली तर गाडीच्या हप्त्यात सांभाळून घेतो, असं तोच एजंट म्हणतो. हप्त्यातला असा परतावा १९३८ च्या विमा कायद्यानं बंद आहे. कापसाचा पैसा यायच्या आधी दरवर्षी ४०,००० कुठून आणणार, हे त्यानं विचारलंय का?

धंदा करायचाच असेल तर आरटीओत जाऊन गाडी टुरिस्टमध्ये, म्हणजे भाड्याच्या गाडीत नोंदवा: पिवळी पाटी, परमिट, फिटनेस, आणि प्रवासी गाडीचा विमा. कर्ज बाकी असेल तर बँकेची एनओसी, म्हणजे ना हरकत दाखला. पोराचं साधं हलक्या गाडीचं लायसन्स त्याला चालतं. विमा महाग पडेल, मग सीट तीनशेत परवडते का ते बघा. मला तरी वाटत नाही.

सवारी बंद करणार असाल तर फुलच घ्या, पण तीन कंपन्यांचे कोटेशन मागवून. पॉलिसी २८ तारखेला संपते, तोवर वेळ आहे. तेवढ्यात पोराला विचारा, गुरुवारच्या फेरीला कोणाकोणाला हो म्हटलंय ते.