वडिलांची बंदूक, भाड्याचं घर आणि तिजोरीचं बजेट

प्रश्न: माझ्या वडिलांच्या नावावर बारा बोअरची दुनळी बंदूक आहे. परवाना तीस वर्षांहून जुना. वडिलांचं वय आता ७४, हात थरथरतात, म्हणून बंदूक माझ्या नावावर करायची असं घरात ठरलं आहे. मी शहरात भाड्याच्या दोन खोल्यांत राहतो. पत्नी आहे, १४ आणि ८ वर्षांची दोन मुलं आहेत. एका विक्रेत्याने सांगितलं की परदेशी बनावटीची गन सेफ घेतल्याशिवाय परवाना मिळणारच नाही. तिची किंमत माझ्या दोन पगारांएवढी आहे. घरमालक भिंतीला भोक पाडू देत नाही. घरात पत्र्याचं कपाट आहे, त्यात बंदूक ठेवली तर चालेल का? जादा किल्ली पत्नीकडे ठेवू का? आणि हे सगळं जमेपर्यंत बंदूक गावी वडिलांकडेच राहिली तर काही बिघडतं का?

उत्तर: विक्रेत्याने तुम्हाला कायदा सांगितलेला नाही, माल विकला आहे. शस्त्र अधिनियम १९५९ मध्ये किंवा शस्त्र नियम २०१६ मध्ये अमुक कंपनीची, अमुक जाडीची, परदेशी बनावटीचीच तिजोरी हवी असं कुठेही म्हटलेलं नाही. शस्त्र सुरक्षित ठेवण्याची हमी मात्र अर्जासोबत लेखी द्यावी लागते, आणि पोलीस चौकशीला आले की ‘कुठे ठेवणार?’ हा प्रश्न बहुतेक वेळा येतोच. त्याचं पटणारं उत्तर तुमच्याकडे हवं. उत्तर महाग असलंच पाहिजे असं नाही.

पैशाचा मुद्दा निघालाच आहे म्हणून अधिनियमाचं कलम १४(२) सांगून ठेवतो. अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही, एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येत नाही, असं तिथे स्पष्ट लिहिलं आहे. हे कलम फारसं कुणी वाचत नाही. विक्रेते तर नाहीच नाही.

आता तुमच्या शेवटच्या प्रश्नाकडे आधी येतो, कारण नकळत गुन्हा घडण्याची शक्यता तिथेच सर्वांत जास्त आहे.

नियम २५ नुसार परवानाधारकाने वयाची ७० वर्षं पूर्ण केली, किंवा शस्त्र २५ वर्षं बाळगलं, यांपैकी जे आधी घडेल तेव्हापासून तो हयात असतानाच आपल्या वारसासाठी परवान्याची मागणी करता येते. तुमच्या वडिलांच्या बाबतीत दोन्ही अटी पुऱ्या झाल्या आहेत. भावंडं असतील तर त्यांचं ना हरकत प्रतिज्ञापत्र आत्ताच करून ठेवा, ते मागितलं जाण्याचीच शक्यता जास्त. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे, किंवा पोलीस आयुक्तालयाची हद्द असेल तर आयुक्तांकडे.

परवाना हातात पडेपर्यंत बंदूक वडिलांची आहे आणि ती त्यांच्याच ताब्यात राहायला हवी. ‘आणून ठेवतो, कागद मागून होतील’ असं करू नका. कलम ३ मध्ये एक सवलत आहे: परवानाधारकाच्या उपस्थितीत किंवा त्याच्या लेखी अधिकारपत्रावर, दुरुस्तीसाठी, परवान्याच्या नूतनीकरणासाठी किंवा त्याच्याच वापरासाठी दुसऱ्याला शस्त्र नेता येतं. तुमच्या घरातल्या कपाटात आणून ठेवणं यात कुठेच बसत नाही. विनापरवाना शस्त्र बाळगण्याला २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान २ आणि कमाल ५ वर्षांची कैद आहे. वडिलांचीच बंदूक होती, हा त्यावर बचाव नाही.

उलटी बाजू तर लोकांच्या लक्षातच येत नाही. बंदूक एकदा तुमच्या परवान्यावर चढली की वडिलांच्या परवान्यावरून ती उतरते. त्यानंतर ती गावच्या घरी खुंटीला तशीच लटकत राहिली, तर विनापरवाना शस्त्र बाळगणारे तुमचे वडील ठरतात. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला त्या घरात, त्या खुंटीखाली, स्वतःचीच जुनी बंदूक ठेवल्याबद्दल जबाब द्यावा लागेल. म्हणून परवाना मिळाला पण तिजोरीची सोय झालेली नाही, अशी वेळ आली तर शस्त्र सुरक्षित ताब्यासाठी ठेवून घेण्याचा परवाना असलेल्या शस्त्रविक्रेत्याकडे जमा करा, किंवा पोलीस ठाण्यात विचारणा करा. पावती घ्या. तिच्यावर बंदुकीचा क्रमांक आणि काडतुसांची संख्या लिहिलेली आहे का, ते तिथेच उभं राहून वाचा. या सोयीला थोडं शुल्क पडतं, पण तुम्हाला घाईत तिजोरी घ्यावी लागत नाही.

आता किल्ली. तिजोरी केवढी जाड आहे हे न्यायालयात क्वचितच विचारलं जाईल. ती कोण उघडू शकत होतं, हे नक्की विचारलं जाईल.

गुणवंतलाल विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या १९७२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं आहे की शस्त्राचा ‘ताबा’ म्हणजे फक्त ते हातात असणं नव्हे. शस्त्र आहे याची जाणीव असेल आणि त्यावर नियंत्रण असेल, तर ते अंगाजवळ नसतानाही ताबा ठरू शकतो. हे तुमच्या घराला लावून बघा. पत्नीला बंदूक कुठे आहे ते माहीत आहे, आणि तिजोरीची किल्ली तिच्या पर्समध्ये आहे. तेवढ्यावरून तिला शिक्षा होईल असं मी म्हणत नाही. पण सरकारी वकिलाला उभं राहायला जागा आपण होऊन का द्यायची? एक किल्ली सतत तुमच्या अंगावर असू द्या. दुसरी पाकिटात घालून, पाकिटावर सही करून, फक्त तुमच्या नावावरच्या बँक लॉकरमध्ये ठेवा. लॉकर संयुक्त नावाने असेल तर ती युक्ती फुकट गेली. नंबरचं लॉक घेतलंत तर नंबर फक्त तुम्हालाच माहीत असावा. मुलाची जन्मतारीख, गाडीचा नंबर, मोबाइलचे शेवटचे चार आकडे यांतलं काहीही नको. चौदा वर्षांचा मुलगा तुमच्या फोनचा पासवर्ड ओळखतो की नाही, त्याला सहज विचारून पाहा.

मुलांमुळेच हा विषय गंभीर आहे. भरलेली किंवा सहज हाती लागेल अशी बंदूक मुलाने उचलली आणि कुणाचा जीव गेला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली, निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याबद्दल, ५ वर्षांपर्यंत कैदेची तरतूद तुमच्यावर लागू केली जाऊ शकते. गंभीर दुखापत झाली तर कलम १२५ आहे. कुणालाही काही झालं नाही, पण परवान्याच्या अटी मोडल्या, तरी शस्त्र अधिनियमाच्या कलम ३० खाली ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. शिवाय कलम १७ खाली परवाना निलंबित किंवा रद्द होण्याची टांगती तलवार आहेच.

मग घ्यायचं काय? तुमच्या बंदुकीची एक गोष्ट तुमच्या पथ्यावर पडणारी आहे. दुनळी बंदूक मोडून उघडणारी असते, आणि तिचे तीन भाग सहज वेगळे होतात: नळ्या, दस्ता, आणि नळ्यांखालचा लाकडी भाग, ज्याला फोरएंड म्हणतात. अख्खी बंदूक उभी ठेवायला चार फुटांहून उंच कपाट लागतं. भाग वेगळे केले तर सगळ्यांत लांब तुकडा नळ्यांचा, साधारण ७५ सेंटीमीटरचा. म्हणजे ८५ सेंटीमीटर लांब, २५ रुंद आणि २० खोल पेटी पुरते. पत्रा बराच कमी लागतो, आणि पैसेही त्याच हिशेबाने वाचतात. फोरएंड वेगळ्या कुलपात ठेवलात तर चोराच्या हाती किंवा मुलाच्या हाती बंदूक पूर्ण लागतच नाही. मी तुमच्या जागी असतो तर हे पहिलं केलं असतं, कारण याला खर्च नाही.

पत्र्याची जाडी गेजमध्ये सांगतात, आणि आकडा वाढला की पत्रा पातळ होतो. १८ गेज म्हणजे सुमारे १.२ मिलिमीटर, १० गेज म्हणजे साडेतीनच्या जवळपास. ‘हेवी गेज’ असे शब्द दुकानात ऐकू आले तर मिलिमीटर विचारा आणि दाराच्या कडेला पट्टी लावून बघा. कडा दुमडलेली असेल तर जाड वाटते, म्हणून आतला एकेरी पत्रा कुठे दिसतो ते शोधा. तुमच्या घरातलं कपडे ठेवायचं कपाट बहुधा मिलिमीटरभर किंवा त्याहून पातळ पत्र्याचं असेल. त्याचं दार कटावणीने उघडायला कसब लागत नाही. नुसतं ते कपाट पुरणार नाही.

विश्वासू फॅब्रिकेटरकडून ३ मिलिमीटर पत्र्याची वर सांगितलेल्या मापाची पेटी करून घेता येते. दार चौकटीच्या आत बसलेलं हवं, म्हणजे कटावणी शिरायला फट राहत नाही. बिजागरीच्या बाजूलाही आतून पक्के खिळे किंवा पट्टी हवी. मग बाहेरच्या बिजागऱ्या कापल्या तरी दार निघत नाही. कुलूप आत बसवलेलं असावं. कडीला लटकणारं कुलूप कटरला आयतं सापडतं. आणि फॅब्रिकेटरला ही पेटी कशासाठी आहे ते सांगायची गरज नाही.

त्या पेटीचं वजन किती होईल? ३ मिलिमीटर पोलाद चौरस मीटरला साधारण साडेतेवीस किलो भरतं, म्हणजे ही पेटी वीस किलोच्या आसपास. एकटा माणूस काखेत मारून जिना उतरू शकतो. तेव्हा बोल्टने बांधलेली नसेल, तर ती चोरासाठी फक्त बंदूक नेण्याची सोयीची पेटी आहे. घरमालकाचा प्रश्न इथे खरा अडचणीचा. त्यांना बंदुकीबद्दल काही न सांगता ‘दागिने-कागदपत्रांसाठी छोटी तिजोरी बसवतो, जाताना भोकं बुजवून देतो’ असं पत्र देऊन लेखी होकार मागण्याचा मोह होईल. खोटं लिहू नका; ‘तिजोरी बसवतो’ एवढं पुरतं, आत काय ठेवणार हे त्यांना सांगण्याचं बंधन नाही. नाहीच म्हणाले, तर तुमच्या पत्र्याच्या कपाटाचा उपयोग होईल: पेटी त्या कपाटाच्या तळाला आणि पाठीला चार बोल्टने, मागे जाड पट्ट्या घालून, आतून घट्ट करा. कपाट भरलेलं ठेवा. जमिनीत बोल्ट मारण्याइतकं हे पक्कं नाही, पण पेटी बाहेरून दिसत नाही आणि उचलून नेता येत नाही.

तयार तिजोरीच घ्यायची असेल तर भारतीय मानक आयएस ५५० चा उल्लेख आहे का ते पाहा. ‘फायरप्रूफ’ शब्दाला भुलू नका. आगीची चाचणी आणि फोडण्याची चाचणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आगीसाठी भरलेल्या जिप्समची ओल बंदुकीच्या नळ्यांना गंजही आणते. सिलिका जेलच्या पुड्या आत टाका, नळ्यांना तेलाचा हात फिरवत राहा. परदेशी शिक्क्यांचं म्हणाल, तर अमेरिकेतल्या यूएल १०३७ या घरगुती तिजोरीच्या चाचणीत साध्या हत्यारांपुढे पाच मिनिटं टिकणं अपेक्षित असतं. पाच मिनिटं! दोन पगार घालून तुम्ही तेवढंच विकत घेत असाल. अगदी स्वस्त इलेक्ट्रॉनिक पेट्यांपासून लांब राहा. काहींचं लॉक नेमक्या धक्क्याने सुटतं, आणि झाकणाखाली असणारी आपत्कालीन किल्ली अनेकदा सुमार दर्जाची असते. त्या पैशात साधी चांगली लिव्हरची किल्ली बरी. जुनी तिजोरी मिळत असेल तर जरूर घ्या, फक्त कुलूप बदला. आधीच्या मालकाकडे किती किल्ल्या होत्या ते देवालाच ठाऊक.

काडतुसं त्याच पेटीत नकोत. दुसऱ्या छोट्या कुलूपबंद डब्यात, वेगळ्या खोलीत. परवान्यावर लिहिलेल्या संख्येपेक्षा एकही जास्त नको. वडिलांकडची जुनी काडतुसं मोजून घ्या. ड्रॉवरच्या तळाशी हमखास एखादं निघतं. वापरायची नसतील तर ती पोलिसांकडे किंवा शस्त्रविक्रेत्याकडे रीतसर जमा करा.

पेटी बसली की तिचे फोटो, बिल आणि मापं अर्जाच्या फाइलला लावा. फोटोत घराचा पत्ता किंवा खिडकीबाहेरचं दृश्य येऊ देऊ नका, आणि तो फोटो कुटुंबाच्या ग्रुपवर तर मुळीच टाकू नका. घर बदललं तर नवा पत्ता परवाना प्राधिकाऱ्याला कळवावा लागतो. शस्त्र किंवा काडतूस हरवलं, चोरीला गेलं तर लगेच जवळच्या पोलीस ठाण्यात खबर द्यायची. घरात शोधाशोध करण्यात दोन दिवस घालवलेत तर तो उशीर तुमच्याविरुद्ध वापरला जाईल.

पत्नीला किल्ली देऊ नका, पण माहिती नक्की द्या. तुमच्या विमा पॉलिसीच्या फाइलमध्ये एक कागद ठेवा: बंदूक घरात आहे, परवाना क्रमांक हा, माझ्या पश्चात तिला हात न लावता पोलीस ठाण्याला कळवायचं. शस्त्र अधिनियमाच्या कलम २१ प्रमाणे वारसांना शस्त्र जमा करता येतं, आणि ठरलेल्या मुदतीत स्वतः परवाना घेऊन परत मिळवता येतं किंवा विकता येतं.

एवढं करूनही ‘तिजोरी योग्य नाही’ असं सांगून अर्ज फेटाळला, तर तोंडी उत्तरावर परत फिरू नका. नकाराची कारणं प्राधिकाऱ्याला लेखी नोंदवावी लागतात. त्या आदेशाची प्रत मागा. कलम १८ खाली अपील करता येतं. मुदत थोडी असते, म्हणून आदेश हाती पडताच, त्यावर तारीख टाकून, वकिलाकडे जा आणि सोबत ते फोटो, बिल व कलम १४(२) चा उतारा न्या.