तिची वही तिला परत द्या

पत्र : मुलगी बारावी कॉमर्सला आहे, अकरावीत ८१ टक्के होते. तीन वर्षं आमच्या भागातल्या हौशी मराठी नाट्यसंस्थेत जाते. वाटलं होतं, काम मिळेल, एखादं बक्षीस मिळेल. पण ही तीन वर्षं विंगेत वही घेऊन प्रॉम्प्टिंग करते आणि प्रॉपर्टी (प्रयोगात लागणाऱ्या वस्तू) मांडते. नातेवाईक प्रयोगाला येतात आणि विचारतात, ‘तुमची मुलगी कुठे दिसली नाही?’ शेवटी मीच दिग्दर्शकांना फोन करून तिला भूमिका द्यायला सांगितली. त्यांनी दिली. पण आता तालमीहून आली की धड बोलत नाही, जेवतही नाही. सीए करायला लावू, की नाटकच करायचं असेल तर बारावीनंतर सरळ एनएसडीत (दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात) पाठवू? – एक वडील, दांडिया बाजार, वडोदरा

उत्तर :

नमस्कार.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. त्याच्या खाली पेन्सिलीनं, वेगळ्या अक्षरात लिहिलेली एक ओळ मात्र किती वेळा वाचली ते सांगता येणार नाही. पत्र पोस्टात टाकायला तुम्ही मुलीकडेच दिलं असावं. ती लिहिते, ‘मॅडम, प्रयोग सव्वीस दिवसांवर आलाय. माझी वही आता कोणाकडेच नाही.’

तिनं ‘बाबांना समजवा’ असं लिहिलं नाही. ‘मला अभिनय करायचा नाही’ असंही नाही. तिला घोर लागलाय तो नाटकाचा.

म्हणून सीए आणि एनएसडी दोन्ही जरा बाजूला ठेवते. आधी तुमच्या फोनबद्दल बोलू. तुम्ही तो फोन करायला नको होता. हौशी संस्थेत सगळे एकमेकांना ओळखतात, एका ओट्यावर गणपतीची वर्गणी गोळा केलेली असते, तिथे दिग्दर्शकाला ‘नाही’ म्हणणं जड जातं. त्यांनी भूमिका दिली म्हणजे एक तर दुसऱ्या कोणाची तरी गेली, नाहीतर लेखकानं न लिहिलेली एखादी मैत्रीण नाटकात शिरली. हे तुमच्या मुलीला कळतं आणि ग्रुपमधल्या प्रत्येकालाही कळतं. जिथे तीन वर्षं तिचा शब्द शेवटचा होता, ‘नाही, काल तू डाव्या विंगेतून आला होतास, मी लिहून ठेवलंय’ असं ती मोठ्यांनाही सांगू शकत होती, तिथे आज ती वशिल्यानं आलेली मुलगी झाली. जेवण जाणारच. फोन करण्याआधी तुम्ही तिला विचारलं होतं का? पत्रात तरी तसं कुठे दिसत नाही.

आणि हे सगळं कशामुळे, तर नातेवाईक विचारतात म्हणून. पुढच्या वेळी कोणी विचारलं तर सांगा, पहिल्या घंटेपासून पडदा पडेपर्यंत जे जे वेळेवर झालं ते तिच्यामुळे झालं. हे तुम्हाला सांगता येत नसेल, तर तीन वर्षांत ती तिथे काय करते हे तुम्ही एकदाही जाऊन पाहिलेलं नाही, एवढाच त्याचा अर्थ.

ती काय करते ते मी सांगते. नाटक बसायला लागतं तेव्हा आधी वाचनं होतात, मग हालचाली बसतात. कोण कुठल्या वाक्यावर उठला, कोण खिडकीशी गेला, चहाचा कप कुणाच्या हातात राहिला हे वहीत जातं, आणि जातं पेन्सिलीनंच, कारण उद्या दिग्दर्शक ते बदलणार असतो. (तिच्या त्या ओळीतली पेन्सिल पाहून म्हणूनच मला आत कुठेतरी लागलं.) तालीम सरकते तसं वहीच्या समासात दुसरं नाटक लिहिलं जातं : कुठल्या शब्दावर प्रकाश उतरायचा, पार्श्वसंगीत कुठे सुरू आणि कुठे विरायचं, कुठल्या ब्लॅकआउटमध्ये कोण खुर्ची उचलणार. एखादा नट तालमीला आला नाही तर त्याची वाक्यं वाचायची ती हिनंच. तांत्रिक तालमीत दिवे आणि ध्वनी या वहीवरून जुळतात. रंगीत तालमीत कपडे आणि मेकअप येतो आणि तेव्हा कळतं की तिसऱ्या प्रवेशाआधी साडी बदलायला चाळीस सेकंद आहेत आणि लागतात नव्वद. ते कोणाला कळतं? घड्याळ घेऊन विंगेत उभ्या असलेल्या माणसाला. दिग्दर्शक प्रयोगाच्या दिवशी प्रेक्षकांत जाऊन बसतो. त्या रात्री नाटक वहीवाल्याच्या ताब्यात असतं.

ही वही आज कोणाकडेच नाही असं ती सांगतेय.

मी कॉलेजात असताना आमच्या एकांकिकेचं ध्वनीचं काम एक मुलगा सांभाळायचा. दीड महिना रोज तालमीला हजर. स्पर्धेच्या चार दिवस आधी गर्दीच्या प्रसंगातला एक जण आजारी पडला आणि आम्ही याच मुलाला तिथे उभं केलं, टेपरेकॉर्डर दुसऱ्याकडे दिला. बटण तर दाबायचंय, असं सगळेच म्हणालो. मीही म्हणाले. प्रयोगात टेलिफोनची रिंग वाजायची होती तिथे वाजली नाही. फोनजवळ मी उभी होते. चार-पाच सेकंद गेले असतील, मग मी न वाजलेला फोन उचलला आणि प्रेक्षक हसले. प्रसंग मृत्यूची बातमी येण्याचा होता. गर्दीतल्या त्या मुलाचा चेहरा मला त्या क्षणी दिसला. रिंग कुठल्या शब्दावर वाजायला हवी होती ते त्या रंगमंचावर फक्त त्यालाच ठाऊक होतं, आणि त्याचे हात रिकामे होते. त्याची माफी मागायचं त्या वेळी आम्हाला सुचलं नाही. हे पत्र वाचताना तो चेहरा आठवला.

आता तुमच्या मनात घट्ट बसलेला समज. तुम्हाला वाटतं, ज्यांना रंगमंचावर जमत नाही ते मागे काम करतात, आणि मागचं काम ही पुढे येण्याची पायरी आहे. हा समज चुकीचा आहे आणि त्यानं बऱ्याच मुलांचं नुकसान केलंय. ही दोन वेगळी कामं आहेत आणि त्यांना लागणारे स्वभावही वेगळे. नटाला स्वतःला विसरून एका माणसात शिरावं लागतं. मागच्या माणसाला एकाच वेळी वीस गोष्टींचं भान लागतं आणि गोंधळात आवाज न चढवता बोलता यावं लागतं. कोलकात्याचे प्रकाशयोजनाकार तापस सेन यांनी १९५९ साली कोळशाच्या खाणीत पाणी भरत चाललंय हे दृश्य निव्वळ प्रकाशातून उभं केलं. आज पासष्टहून अधिक वर्षं झाली तरी नाटकवाले त्याबद्दल बोलतात. संगीत नाटक अकादमी नटांना आणि दिग्दर्शकांना पुरस्कार देते तसाच प्रकाशयोजना, नेपथ्य आणि रंगभूषा यांसाठीही देते. आणि लांब कशाला जायचं, नवरात्रात तुम्ही गरब्याला जातच असाल. हजारो माणसं एका ठेक्यावर फिरत असतात तेव्हा एक जण ध्वनीच्या मिक्सरवर बसलेला असतो. तो एकही फेरी मारत नाही. त्याचं लक्ष अर्धं मिनिट हटलं तर अख्खं मैदान थांबेल. त्या माणसाला गाता येत नाही म्हणून तो तिथे बसलाय, असं तुम्ही म्हणाल का?

एनएसडीबद्दल. १९५९ साली सुरू झालेली ही संस्था बारावीनंतर प्रवेश देत नाही. तिथला तीन वर्षांचा डिप्लोमा पदवीनंतरचा आहे, आणि आजवरच्या नियमांनुसार अर्ज करणाऱ्याचा किमान सहा नाटकांत सहभाग असावा लागतो, तोही पुराव्यासह. वयाची मर्यादा अठरा ते तीस. अर्ज करायच्या वर्षीची जाहिरात नीट वाचायची, कारण तपशील बदलू शकतात. म्हणजे ‘सरळ एनएसडीत’ हा पर्याय आज तुमच्यासमोर नाहीच. पुढे कधी गेलीच, तर तिथे अभिनयाखेरीज दिग्दर्शन आणि रंगमंच-तंत्राचंही शिक्षण आहे आणि तिची वाट ती असेल. म्हणून आतापासून प्रत्येक प्रयोगाचं माहितीपत्रक जपून ठेवा. तिचं नाव त्यावर छापलं जातं का, हेही बघा. छापत नसतील तर दिग्दर्शकांना करायचा फोन तो.

सीए फाउंडेशन, म्हणजे सीएची पहिली परीक्षा : चार पेपर, पास व्हायला प्रत्येकात चाळीस टक्के आणि एकूण पन्नास टक्के. तिला हवं असेल तर जरूर. तुम्हाला हवं आहे एवढंच असेल, तर पहिल्या दोन प्रयत्नांतच ते कळून येईल आणि तोवर घरातलं बोलणं आणखी कमी झालेलं असेल.

माझं मत विचाराल तर बारावीनंतर तिनं बी.कॉम. करावं, वडोदऱ्यातच, आणि संस्था सोडू नये. नाटकाच्या निर्मितीत हिशोब असतो : हॉलचं भाडं, नेपथ्याचा टेम्पो, दिव्यांचं भाडं, तालमीचा चहा. बजेट सांभाळणारा रंगमंच-व्यवस्थापक दुर्मिळ असतो आणि त्याला मागणी असते. दुसरी वाट तुमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. सूरसागराजवळचं म्युझिक कॉलेज सयाजीराव महाराजांच्या काळात, १८८६ साली, मौलाबक्षांच्या गायनशाळेतून उभं राहिलं. आज ती महाराजा सयाजीराव विद्यापीठाची परफॉर्मिंग आर्ट्सची फॅकल्टी आहे आणि तिथे नाट्य विषयात पदवी घेता येते. तिला तिथे एखाद्या दुपारी जाऊ द्या, विद्यार्थ्यांची तालीम बघू द्या, मुलांशी बोलू द्या. तुम्ही बरोबर गेलात तर बाहेर थांबा. कुठली वाट धरायची ते ती स्वतः सांगेल. माझा कल बी.कॉम.कडे आहे तो एवढ्याचसाठी, की ती सतरा-अठरा वर्षांची आहे आणि तिनं अजून एकाच संस्थेचं काम पाहिलंय.

पैशाचं स्पष्ट सांगते. हौशी रंगभूमीवर पैसे नाहीत. मुंबई-पुण्याच्या व्यावसायिक नाटकात मागच्या मंडळींना नाइट मिळते, म्हणजे प्रयोग झाला तर पैसे, प्रयोग नाही तर नाही. पावसाळ्यात आणि परीक्षांच्या दिवसांत प्रयोग कमी होतात. नियमित पगार हवा असेल तर सभागृहं, सोहळे आणि परिषदा करणाऱ्या कंपन्या, प्रदर्शनं, संग्रहालयं अशा ठिकाणी जावं लागतं. रंगमंच सांभाळता येणारा माणूस त्यांना लागतोच. पहिली तीन-चार वर्षं ओढाताणीची जातात, हे तिलाही आत्ताच माहीत असलेलं बरं.

आता थोडं तुझ्याशी, मुली. पत्र तूही वाचशील हे धरून लिहिते.

नुसत्या प्रॉम्प्टिंगवर करिअर होत नाही. व्यावसायिक नट पाठांतर करून येतात आणि केवळ वाक्य पुरवायला कोणी माणूस नेमत नाही. तुझी वही ही सुरुवात आहे, पण तीन वर्षं तू एकाच ठिकाणी थांबली आहेस. संस्थेत दिवे लावणारे जे कोणी काका असतील त्यांच्या हाताखाली जा. १००० वॅटचा दिवा २३० व्होल्टला साधारण ४.३ अँपिअर घेतो. म्हणून १६ अँपिअरच्या सॉकेटवर असे तीन दिवे चालतात, चौथा लावायचा नाही. हे गणित तुला झोपेतही आलं पाहिजे, कारण अंधारात माणसं वावरत असताना वायर तापणं म्हणजे काय, ते नंतर शिकून उपयोग नसतो. डीएमएक्सच्या, म्हणजे दिव्यांना बोर्डावरून संकेत पाठवणाऱ्या पद्धतीच्या, एका लाइनवर ५१२ चॅनेल असतात. त्यांचे पत्ते कसे द्यायचे ते शिक. रंगमंचाचा नकाशा मापात काढायला शिक, नेपथ्य येण्याआधी तालमीच्या खोलीत जमिनीवर टेप लावून दारं-खिडक्या आखता आल्या पाहिजेत. क्यू, म्हणजे दिवे-ध्वनी बदलायची खूण, देताना आधी ‘तयार’ म्हणायचं, मग थांबायचं आणि नेमक्या शब्दावर ‘गो’ म्हणायचं. या दोहोंच्या मधे इकडचं-तिकडचं बोलायचं नाही. आणि एखाद्या गुजराती किंवा हिंदी नाटकाच्या ग्रुपबरोबरही काम कर. वडोदऱ्यात राहून तीन भाषांतली वही सांभाळता येत असेल, तर ते मुंबईच्या मुलींपेक्षा तुझं जास्तीचं भांडवल आहे.

अभिनय पुढे कधी करावासा वाटला तर जरूर कर. स्वतःहून विचारून, ऑडिशन देऊन.

आणि आता परत तुम्हाला. आज संध्याकाळी आधी मुलीशी बोला. ‘मी न विचारता फोन केला, ते चुकलं’ एवढं वाक्य पुरे, समजावणी नको. मग ‘भूमिका ठेवायची आहे का?’ असं विचारा आणि ती म्हणेल ते ऐका. कदाचित ती ठेवीन म्हणेल, तसंही होऊ शकतं. नको म्हणाली तर दिग्दर्शकांना फोन करा, तिच्यासमोर. ज्या मुलीची भूमिका गेली असेल तिला अजून वेळ आहे आणि वहीलाही. तुमचं पत्र इथे पोचायला पाच दिवस लागले, म्हणजे सव्वीसातले पाच गेलेच आहेत.

तांत्रिक तालीम कधी आहे ते तिला विचारा आणि त्या दिवशी हॉलवर जा. पहिल्या रांगेत बसू नका. तिच्या परवानगीनं विंगेत, दोरांपासून लांब, भिंतीला टेकून उभे राहा. फोन बंद ठेवा. ती वहीवर वाकून ‘तयार’ म्हणेल तेव्हा तिच्याशी बोलू नका.