आधी कागद

प्रिय मुला,

लातूरहून तू विचारलंस, मालिकेचा दिग्दर्शक व्हायचंय, तर कॅमेरा घेऊ की मुंबई गाठू? आत्ता दोन्ही नको. आधी कागद.

तुमच्या माळवदाच्या घरातच एक सीन धर. वडील खांबाला टेकलेले, आई चुलीपाशी, मुलगी निकाल घेऊन दारातून येते. संवाद घड्याळ लावून मोठ्यानं वाच. मनात वाचलेला सीन हमखास आखूड वाटतो. अर्ध्या तासाच्या भागात जाहिराती वजा जाता साधारण 22 मिनिटं हातात येतात. हा सीन लांबला की दुसरा कापला जातो.

मग घराचा वरून दिसेल तसा नकाशा काढ. बोलणाऱ्या दोघांना जोडणारी रेघ ओढ आणि कॅमेऱ्याच्या सगळ्या जागा तिच्या एकाच बाजूला ठेव. रेघ ओलांडलीस तर क्लोजअपमध्ये दोघंही एकाच दिशेला बघताना दिसतात, मग एडिटर तरी काय करणार? मुलगी आत आली की एका रेघेच्या तीन होतात. नवशिके इथंच फसतात. तिच्या चालण्याबरोबर कॅमेरा नेऊन नवी रेघ पकड, नाहीतर मध्ये चुलीतल्या जाळाचा शॉट टाक.

शॉटचा क्रम उजेडाप्रमाणे लाव, कथेप्रमाणे नाही. तुमच्याकडे उजेड दारातूनच येतो आणि तो सरकतो. म्हणून मास्टर, म्हणजे अख्खा सीन दाखवणारा रुंद शॉट, झाला की दाराकडे तोंड असलेले सगळे शॉट उरकून घे, त्यानंतरच लाइट फिरव, तोही एकदाच. ऐकणाऱ्याचा चेहरा घेतल्याशिवाय जागा सोडू नकोस. शेवटी सगळ्यांना गप्प करून 30 सेकंद खोलीचा नुसता आवाज घे; संवादांतले सांधे त्यानंच बुजतात.

संवाद पुष्कळदा सकाळी सेटवरच हाती पडतात, मग कागद कधी करायचा, असं म्हणशील. अरे, मेकअप होईस्तोवर वेळ असतो ना! तेवढ्यात रेघ ओढून होते. 'कॅमेरा कुठं?' याला तुझ्याकडे उत्तर नसलं तर कॅमेरामन ते देतो, आणि तो सीन तुझा राहत नाही. याच हट्टापायी लोक मला कडक म्हणतात. म्हणू देत. सुचेल तसं लावण्यात माझी सुरुवातीची वर्षं गेली, म्हणून तुझ्यावर चिडतोय.

आणि 'काय करायलीस?' हे आईच्या तोंडी तसंच ठेव. बोलीचा ठेका बदललास की कटची जागाही बदलते.

दहा सीनचे नकाशे पाठव. पेन्सिलीनं काढ, पुष्कळ खोडावं लागेल. मोबाइलवर शूट केलेलं इतक्यात पाठवू नकोस.