घड्याळ, अपडेट आणि शंभर पानी वही : डेबियनवाल्या वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ताई, मी गिरगावात राहतो. आयुष्यभर मुद्रितशोधन केलं, आता घरबसल्या भाषांतराची कामं घेतो. ऑक्टोबर 2025मध्ये विंडोज 10चा पाठिंबा संपला, माझ्या जुन्या डेस्कटॉपवर विंडोज 11 चढेना, म्हणून मुलाने विंडोजच्या जागी डेबियन हे लिनक्स टाकून दिलं आणि तो गेला बंगळुरूला. शिमग्याला गावी जाताना मेन स्विच बंद करून गेलो. परत आलो तर संगणकावर कित्येक महिने मागची तारीख! बँकेचं संकेतस्थळ उघडलं की ब्राउझर ‘असुरक्षित’ म्हणतो, अपडेट मारायला गेलो तर ‘फाइल अजून वैध नाही’ असा निरोप येतो. व्हायरस शिरला का?

उत्तर : नाही काका, व्हायरस वगैरे काही नाही. सेल संपलाय.

मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्याएवढा एक चपटा सेल असतो, वीज नसताना संगणकाचं घड्याळ चालू ठेवणारा. त्याच्यावर छापलेलं असतं सीआर 2032, म्हणजे 20 मिलिमीटर रुंद आणि 3.2 मिलिमीटर जाड. भिंतीवरचं बटण चालू असतं तोवर संगणक बंद असला तरी त्याच्या घड्याळाला विजेचा थोडासा पुरवठा होत राहतो. त्यामुळे सेल मेला तरी वर्षानुवर्षं कळत नाही. तुम्ही मेन स्विच पाडलात आणि त्याचं पितळ उघडं पडलं. बायॉसमध्ये (डेबियनच्याही आधी सुरू होणाऱ्या, मदरबोर्डवरच्या प्रोग्रॅममध्ये) जाऊन पाहिलंत तर तिथे वर्ष आणखी मागचं दिसेल. डेबियन सुरू होताना घड्याळ स्वतःच्या घडणीच्या तारखेपेक्षाही मागे आहे असं दिसलं, तर निदान त्या तारखेपर्यंत ते पुढे ओढतं. म्हणून तुम्हाला महिन्यांचाच फरक दिसला.

बाकीचं सगळं त्या तारखेमुळेच अडलंय. प्रत्येक सुरक्षित संकेतस्थळाच्या प्रमाणपत्रावर ‘या दिवसापासून त्या दिवसापर्यंत’ अशी मुदत असते. अशी प्रमाणपत्रं मोफत देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्टचं नेहमीचं प्रमाणपत्र तर 90 दिवसांचंच. तुमच्या संगणकाच्या लेखी ते प्रमाणपत्र अजून जन्मालाच आलेलं नाही. डेबियनच्या अपडेटच्या यादीवरही तारीख असते आणि भविष्यातली तारीख दिसली की ॲप्ट, म्हणजे अपडेट उतरवणारा प्रोग्रॅम, ती यादी नाकारतं. हे नाकारणं योग्यच आहे. ही तपासणी बंद करायची युक्ती कोणी सांगितली तर कृपा करून ऐकू नका, आणि घड्याळ लागेपर्यंत बँकेच्या व्यवहाराला हात लावू नका.

आता सेल बदलायचा कसा ते सांगते. आधी बायॉसमध्ये जाऊन तिथल्या सेटिंगचे मोबाइलवर फोटो काढून ठेवा, कारण सेल काढल्यावर ती मूळपदावर जाऊ शकतात. मग वायर पूर्ण काढा आणि सुरू करायचं बटण दाबून धरा, म्हणजे आत उरलेली वीज निघून जाईल. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावा. सेलच्या बाजूची छोटी खिटी नखाने सरकवली की तो उचलून वर येतो. अधिकची खूण असलेली बाजू वर ठेवून नवा बसवा. हा सेल घड्याळवाल्याकडेही मिळतो, लॅमिंग्टन रोडचा इलेक्ट्रॉनिक्स बाजार गाठायची गरज नाही.

शेवटी सेटिंगमधलं ‘तारीख आणि वेळ आपोआप’ चालू करा. ते बंद असणार, नाहीतर इंटरनेट जोडल्या जोडल्या वेळ आपसूक लागली असती. टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, टाइमडेटसीटीएल (timedatectl) एवढंच लिहून एंटर मारलंत की घड्याळाची सगळी कुंडली दिसते. त्यात वेळक्षेत्र एशिया/कोलकाता आहे ना, तेही बघून घ्या.

प्रश्न : माझ्या संगणकावर विंडोज आणि डेबियन दोन्ही आहेत. डेबियन वापरून विंडोजमध्ये गेले की घड्याळ साडेपाच तास मागे! रोज हाताने किती वेळा लावायचं? – एक वाचक, बोरिवली

उत्तर : साडेपाच तास म्हटल्यावर कारण उघड आहे. डेबियन मदरबोर्डच्या घड्याळात जागतिक वेळ लिहितं आणि पडद्यावर दाखवताना त्यात साडेपाच तास मिळवतं. विंडोज त्याच घड्याळात थेट भारतीय वेळ आहे असं धरून चालतं.

तुमच्यासाठी सोपा मार्ग म्हणजे डेबियनलाच सांगायचं की मदरबोर्डवर स्थानिक वेळ आहे. टर्मिनलमध्ये टाइमडेटसीटीएलच्या पुढे सेट-लोकल-आरटीसी आणि 1 लिहा (timedatectl set-local-rtc 1). यानंतर नुसतं टाइमडेटसीटीएल मारलंत की एक इशारा दिसेल, तो वाचून घाबरू नका. ज्या देशांत उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे करतात, तिथे या पद्धतीने मोठा घोळ होतो. आपल्याकडे घड्याळं बारा महिने एकच वेळ दाखवतात, त्यामुळे घरच्या मशीनवर हे बिनधास्त चालतं. विंडोज काढून टाकाल तेव्हा मात्र आठवणीने 1 च्या जागी 0 करा.

प्रश्न : ताई, मी परळला राहतो, ॲनिमेशन शिकतो. आमची एकच खोली. रात्री सगळे झोपल्यावर स्क्रीनचा उजेड नको म्हणून लॅपटॉपचं झाकण मिटून रेंडरिंग (ॲनिमेशनची अंतिम चित्रं तयार करणं) लावतो. झाकण मिटल्यावर लॅपटॉप झोपू नये म्हणून लॉगिन-डीची (झाकण, झोप वगैरे सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमची) फाइल बदलली होती. आता अपडेट मारताना मध्येच काळ्या पडद्यावर प्रश्न येतो : तुमची फाइल ठेवू की नवी टाकू? मी न वाचता एंटर मारतो. यात काही बिघडेल का?

उत्तर : लगेच काही बिघडणार नाही. पण हा प्रश्न वाचायला शीक. तुझं मशीन तुझ्या ताब्यात आहे की नाही, हे इथेच ठरतं.

ईटीसी (/etc) या सेटिंगच्या फोल्डरमधल्या फाइली तुझ्या मालकीच्या आहेत असं डेबियन मानतं. तू बदललेली फाइल ते न विचारता पुसत नाही. मला डेबियन आवडण्याचं हे एक मोठं कारण आहे. नुसतं एंटर मारलंस म्हणजे ‘एन’ : तुझी फाइल राहते आणि नवी तिच्या शेजारी ‘डीपीकेजी-डिस्ट’ असं शेपूट लावून ठेवली जाते. ‘वाय’ म्हणालास तर नवी बसते आणि तुझी ‘डीपीकेजी-ओल्ड’ या शेपटाने बाजूला राहते. म्हणजे दोन्ही बाजूंनी हरवत काहीच नाही. आणि ‘डी’ दाबलंस तर फरक दिसतो : वजाची खूण तुझ्या ओळीपुढे, अधिकची नव्या ओळीपुढे. ‘क्यू’ दाबून बाहेर ये आणि मग ठरव. दर वेळी डोळे मिटून ‘एन’ म्हणत राहिलास तर काही वर्षांनी तुझ्याकडे जुन्या जमान्याची फाइल आणि नव्या जमान्याचा प्रोग्रॅम अशी जोडी उरते, आणि मग कुठे काय अडलं ते सापडता सापडत नाही.

त्याहून चांगला उपाय म्हणजे मूळ फाइलला हातच लावू नये. ईटीसीमधल्या सिस्टम-डीच्या (डेबियन सुरू करून सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमच्या) फोल्डरात ‘लॉगिनडी डॉट कॉन्फ डॉट डी’ (logind.conf.d) नावाचं फोल्डर कर. त्यात ‘डॉट कॉन्फ’ने संपणारी एक छोटी फाइल ठेव. आत दोनच ओळी : वर चौकोनी कंसात लॉगिन ([Login]), खाली हँडल-लिड-स्विच बरोबर इग्नोर (HandleLidSwitch=ignore). मूळ फाइल होती तशी करून टाक आणि मशीन रीस्टार्ट कर. मूळ फाइल जशीच्या तशी असेल तर पुढच्या अपडेटला तो प्रश्न येणारच नाही आणि तुझा बदल शाबूत राहील. सगळेच प्रोग्रॅम अशी सोय देत नाहीत, पण सिस्टम-डी देतं, एसएसएच सर्व्हर (दुसऱ्या संगणकावरून आत येऊ देणारा) देतो, आणखीही बरेच देतात. आधी ते शोधायचं.

आता मशीनमधल्या बदलांची नोंद ठेवायच्या वहीबद्दल. प्रभादेवीच्या ज्या छापखान्यातली मशीनं मी सांभाळते, तिथे प्रत्येक टेबलाला सुतळीने बांधलेली एक शंभर पानी वही आहे. बदल केला की तारीख, फाइलचं नाव, काय केलं आणि कशासाठी केलं, एवढं लिहायचंच. ‘झाकण मिटल्यावर झोपू नये. रात्रीचं रेंडरिंग.’ बस, एवढं पुरे. ईटीसीकीपर नावाचं पॅकेज आहे, ते ईटीसीतला प्रत्येक बदल गिटमध्ये (फाइलींच्या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) नोंदवतं, अपडेटच्या आधी आणि नंतर आपोआप. ते जरूर टाक. पण ‘काय बदललं’ हे तेवढं त्याला कळतं, ‘कशासाठी’ हे फक्त तुला माहीत असतं आणि दोन वर्षांनी तेही आठवत नाही. छापखान्यात नवा मुलगा आला की मी आधी त्याला वही वाचायला देते. ज्या मशीनची वही नीट भरलेली असते, ते मी कोणाच्याही हाती निर्धास्तपणे सोपवते.

आणि बाळा, झाकण मिटून रेंडरिंग लावतोस तर लॅपटॉप गादीवर ठेवू नकोस. खाली दोन पट्ट्या देऊन उचलून ठेव, हवा खेळली पाहिजे. मुंबईच्या मे महिन्यात तर नक्कीच.

प्रश्न : डेबियन 12 वरून 13 वर जावं का? घाई आहे का? – मुलुंड

उत्तर : जावं, पण घाई नको. डेबियन 12 हे जून 2023मध्ये आलं आणि त्याला दीर्घ मुदतीचा पाठिंबा जून 2028पर्यंत आहे. डेबियन 13 हे ऑगस्ट 2025मध्ये आलं. मशीन 32 बिटचं असेल तर 12 वरच थांबा, तिथे 13 चढवता येत नाही. डिस्कवर बूटचं (संगणक सुरू करणाऱ्या फाइलींचं) वेगळं विभाजन असेल तर त्यात 300 एमबी तरी मोकळी ठेवा. जुने कर्नल (प्रणालीच्या गाभ्याच्या जुन्या आवृत्त्या) साठून ते भरलेलं असतं आणि चढण अर्ध्यावर अडते. 13मध्ये टेम्प फोल्डर मेमरीत असतं, रीस्टार्ट केलं की रिकामं. कामाच्या फाइली तिथे ‘तात्पुरत्या’ ठेवायची सवय असेल तर आधी मोडा.

चढवण्याआधी बाहेरच्या हार्ड डिस्कवर बॅकअप घ्या आणि त्यातलं एक फोल्डर परत उतरवून, फाइल उघडून बघा. न तपासलेल्या बॅकअपला मी बॅकअप म्हणत नाही. आणि पावसाळ्यात लाइट जा-ये करते त्या दिवसांत, यूपीएस नसताना, हे काम काढू नका.

प्रश्न : डेबियनमध्ये ‘दुसऱ्या’मधला ऱ्य कसा काढायचा? आणि हे सगळं मराठीत शिकायला कुठे मिळेल? – दादर

उत्तर : आयबस या टंकलेखनाच्या सोयीसाठीचं एम17एन पॅकेज (ibus-m17n) टाका आणि कीबोर्डच्या यादीत मराठी इनस्क्रिप्ट निवडा. शिफ्ट धरून जे, मग डी, मग तिरप्या रेघेची कळ : ऱ, हलन्त, य. साधा र घेतलात तर रफार होऊन ‘र्य’ उमटेल, म्हणून शिफ्ट विसरू नका. शिकायला आयआयटी मुंबईचा स्पोकन ट्युटोरियल प्रकल्प आहे. त्यांचे लिनक्सचे छोटे धडे मराठी आवाजात मोफत मिळतात. शेजारी टर्मिनल उघडं ठेवून बघा, धडा थांबवा आणि तीच आज्ञा स्वतः मारा.