वाचकांचे प्रश्न : बॅटरी बदलण्याआधी मीटर लावा

प्रश्न : माझी १५० सीसीची मोटारसायकल २०१८ची आहे. चौदा महिन्यांत दोन बॅटऱ्या बसल्या. दुकानदार म्हणतो, तिसरी टाका. मेकॅनिक म्हणतो, मॅग्नेट कॉइल (इंजिनमधली वीज तयार करणारी कॉइल) गेली. कुणाचं ऐकू?
– एक वाचक, सातारा

उत्तर : आधी मीटरचं ऐका. चारशे-पाचशे रुपयांचा साधा डिजिटल मल्टिमीटर पुरतो. बॅटरी ही फक्त टाकी आहे. ती रिकामी का होते, हे कळल्याशिवाय नवी टाकली तर तीही बसणार.

गाडी रात्रभर उभी ठेवा. सकाळी चावी न लावता मीटर डीसी २० वर ठेवून बॅटरीच्या दोन्ही टर्मिनलांवर टोकं टेकवा. १२.६ ते १२.८ व्होल्ट म्हणजे बॅटरी भरलेली, १२.२च्या आसपास म्हणजे निम्मी. १२च्या खाली असेल तर आधी चार्ज करा, मगच पुढचं तपासा. उतरलेली बॅटरी करंट खेचते आणि व्होल्टेज खाली दाबून ठेवते, त्यामुळे चांगली कॉइलही नादुरुस्त वाटते. ५ एएच (अँपिअर-अवर, म्हणजे बॅटरीची क्षमता) च्या बॅटरीला अर्धा अँपिअर, साधारण दहा तास. कारचा मोठा चार्जर लावू नका. भरलेली बॅटरी सेल्फ मारताना १० व्होल्टच्या खाली कोसळत असेल तर तिच्या प्लेटा गेल्यात. तिला पुन्हा पुन्हा चार्ज करून काही हाती लागणार नाही.

बॅटरी धड असेल तर गाडी चालू करून ४०००-५००० आरपीएमला मीटर बघा. तुमची गाडी एप्रिल २०१७ नंतरची, म्हणजे हेडलाइट कायम चालूच. त्या लोडसह १३.८ ते १४.५ व्होल्ट यायला हवेत. आकडा साडेबाराच्या आसपास राहून हळूहळू उतरत असेल तर चार्जिंग होत नाही.

इथे बहुतेक जण थेट कॉइल उघडतात. थांबा, आधी कपलर, म्हणजे वायरींचा प्लास्टिकचा जोड, बघा. आरआर युनिट, म्हणजे रेग्युलेटर-रेक्टिफायर, कॉइलच्या एसीचा डीसी करतं आणि व्होल्टेज आवरतं. त्याचा कपलर सोडवा. प्लास्टिक तपकिरी झालंय का, पिन सैल किंवा हिरवट पडलीय का, जळका वास येतोय का? मग कपलर परत जोडा, गाडी ४००० आरपीएमला ठेवा, मीटरचं एक टोक बॅटरीच्या प्लसवर आणि दुसरं आरआर युनिटच्या प्लस वायरीच्या पिनवर (ही बहुधा लाल असते) मागच्या बाजूने लावा. ०.३ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर करंट वाटेतच वाया जातोय. हेच मायनस आणि युनिटच्या अर्थिंगमध्येही करा. पाच मिनिटांची ही चाचणी सर्रास वगळली जाते आणि खराब कपलरपायी चांगली कॉइल बदलली जाते, याचं फार वाईट वाटतं.

आता कॉइल. तिच्याकडून येणाऱ्या तीन वायरी (बऱ्याच गाड्यांत तिन्ही पिवळ्या) आरआर युनिटपासून सोडवा. इंजिन बंद असताना दोन-दोन वायरींमधला रेझिस्टन्स मोजा. तो साधारण १ ओहमच्या आत आणि तिन्ही जोड्यांत सारखा हवा. मीटरची दोन टोकं एकमेकांना टेकवल्यावरही ०.२-०.३ ओहम दिसतो, तो वजा करा. कुठलीही वायर इंजिनच्या धातूशी जोडलेली दाखवली तर कॉइल अर्थ झाली, ती बदलायचीच. पण आतले काही वेढेच शॉर्ट असतील तर ओहम बरोबर दिसूनही कॉइल खराब असू शकते. म्हणून मीटर एसी २०० वर ठेवा, गाडी चालू करून ५००० आरपीएमला तिन्ही जोड्या मोजा. बऱ्याच गाड्यांत ५० ते ७० व्होल्ट येतात. नेमका आकडा सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतो. आकड्याहून महत्त्वाचं म्हणजे तिन्ही सारखे हवेत. एक जोडी निम्म्यावर असेल तर कॉइल गेली. मोजताना उघड्या पिनांना हात लावू नका, शॉक बसतो.

कॉइल चांगली, वायरी चांगल्या आणि सगळं परत जोडल्यावरही बॅटरीवरचा आकडा १३च्या वर जात नाही? मग दोष आरआर युनिटचा.

प्रश्न : रेस वाढवली की हेडलाइट लख्ख होतो. दोन महिन्यांत तीन बल्ब उडाले आणि सीटखाली आंबूस वास येतो.
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : हे ओव्हरचार्जिंग आहे. ५००० आरपीएमला बॅटरीवर १५ व्होल्टच्या वर दिसलं तर गाडी चालवणं थांबवा. बॅटरी उकळते, फुगते आणि इंजेक्शनची गाडी असेल तर ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा छोटा संगणकही धोक्यात येतो.

आरआर युनिट घेण्याआधी अर्थिंग बघा. समुद्राकाठच्या खाऱ्या हवेत चॅसिसचा अर्थ बोल्ट गंजतो. मग रेग्युलेटरला बॅटरीचं व्होल्टेज आहे त्यापेक्षा कमी भासतं आणि तो व्होल्टेज आणखी वाढवतो. बोल्ट सोडवा, पॉलिश पेपरने धातू चकचकीत करा, घट्ट आवळा, वरून पेट्रोलियम जेली लावा. टर्मिनल काढताना आधी मायनस, लावताना आधी प्लस. इंजिन चालू असताना टर्मिनल कधीही काढू नका. त्या क्षणी व्होल्टेज उसळतं आणि महागडे भाग जातात.

जुन्या १०० सीसी गाड्यांत हेडलाइट थेट कॉइलच्या एसीवर चालतो. त्यात रेसबरोबर उजेड वाढणं साहजिक आहे, बल्ब उडणं नाही.

प्रश्न : बीएस-६ गाडी, किक नाही. दहा दिवस गावाला जाऊन आलो तर सेल्फ फक्त टक-टक करतो. जीपीएस ट्रॅकर लावलाय.
– एक वाचक, नागपूर

उत्तर : टक-टक हा स्टार्टर रिलेचा, म्हणजे सेल्फच्या मोटरला वीज देणाऱ्या स्विचचा आवाज. रिले ओढतो, मोटरचा लोड येताच व्होल्टेज कोसळतं, रिले सुटतो, परत ओढतो.

बॅटरी चार्ज करा, मग गाडी बंद असताना होणारी विजेची गळती मोजा. चावी बंद, मायनसची वायर काढा, ती वायर आणि टर्मिनल यांच्यामध्ये मीटर लावा. आधी १० अँपिअरच्या रेंजवर, आकडा लहान असेल तरच मिलिअँपिअरवर. मीटर जोडलेला असताना सेल्फ दाबू नका, मीटरचा फ्यूज उडेल. गाडीची स्वतःची गळती एक-दोन मिलिअँपिअर चालते. ट्रॅकरसकट २० दिसली तर दिवसाला जवळपास अर्धा एएच, म्हणजे ५ एएचची बॅटरी दहा दिवसांत रिकामी. तुमचं कोडं बहुधा हेच. ट्रॅकरचा फ्यूज काढून आकडा पडतो का ते बघा, म्हणजे खात्री होईल. ट्रॅकरला फ्यूजच नसेल तर आधी तो बसवा.

अगदी उतरलेल्या बॅटरीवर धक्का मारून ही गाडी चालू होणार नाही. पेट्रोल पंप आणि ईसीयूलाच वीज नसते. कारच्या बॅटरीवरून जंपर लावायचा असेल तर कारचं इंजिन बंद ठेवा. पुढच्या वेळी गावाला निघताना मायनसची वायर सोडून ठेवा. मात्र तेवढे दिवस ट्रॅकरही बंद राहील, किंवा त्याच्या आतल्या बॅटरीवर जेमतेम काही तास चालेल.