न्याहाळक, चाळणी आणि ढगात गेलेले फोटो

प्रश्न असा आहे: वाचनालयातल्या ज्येष्ठ सभासदांसाठी संगणकावर एक मराठी पत्रक काढायचं आहे. त्यात ब्राउझरला, म्हणजे इंटरनेटवरची पानं उघडणाऱ्या प्रोग्रामला, 'न्याहाळक' आणि क्लाउडला, म्हणजे इंटरनेटवरून दुसऱ्याच्या संगणकांवर फाइली ठेवायच्या सोयीला, 'ढग' लिहावं का? आणि फाइल 'क्लाउडवर' असते की 'क्लाउडमध्ये'?

ढगाचं आधी सांगतो, कारण तिथे धोका आहे. माझ्या आत्याचा फोन भरला म्हणून मी तिचे फोटो क्लाउडवर हलवले. ती विचारायला लागली, गेले कुठे? मी मराठीच्या हौसेपायी म्हणालो, "ढगात गेले." आत्याचा चेहरा पडला. "अरे, नातवाच्या बारशाचे होते रे त्यात!" चूक माझीच. मराठीत एखादा ढगात गेला म्हणजे त्याचा कारभार आटोपला. ज्या शब्दाला हा अर्थ चिकटलाय, त्याच्या भरवशावर कोण आपली कागदपत्रं ठेवेल?

'मेघ' त्या मानाने सोवळा. भारत सरकारच्या क्लाउड उपक्रमाचं नाव 'मेघराज' आहे आणि नाव म्हणून ते शोभतंही. पण 'फाइल मेघावर टाक' असं घरात कुणी म्हणेल, असं मला वाटत नाही. मुळात इंग्रजीतला ढगही काव्यातून आलेला नाही. संगणकांच्या जाळ्याची आकृती काढताना अभियंते मधल्या भागाच्या जागी ढगाचं चित्र काढून मोकळे व्हायचे. आत काय चाललंय ते तुम्ही बघू नका, एवढाच त्याचा अर्थ. २००६मध्ये ॲमेझॉनने संगणकाची ताकद भाड्याने द्यायला सुरुवात केली, तेव्हा त्या सेवेच्या नावातही क्लाउड होताच. म्हणजे तो शब्द दुसऱ्याच्या फळ्यावरच्या चित्राचा. त्याचं भाषांतर केलं की चित्र मागे राहतं आणि नुसतं पावसाळी हवामान हाती येतं.

आता न्याहाळक. शब्द गोड आहे, पण दोन ठिकाणी अडतो. पहिलं म्हणजे 'न्याहाळणे' म्हणजे निरखून, डोळे भरून बघणे. आई बाळाला न्याहाळते, नवी साडी नेसलेली बाई आरशात स्वतःला न्याहाळते. चाळीस टॅब उघडे टाकून एकही धड न वाचणारा माणूस काही न्याहाळत नसतो. इंग्रजी 'ब्राउझ' मूळचा गुराढोरांचा. कोवळे शेंडे खुडत, पाला खात पुढे सरकणे. शेळी जशी या झुडपाला तोंड लावते, मग त्या. आपल्याकडे या वृत्तीचं क्रियापद आहे आणि ते पुस्तकांना आधीच लावलेलं आहे: चाळणे. पेपर चाळला, अंक चाळला. (हाताला लागलेला मोबाइलचा चाळा हे वेगळं प्रकरण, पण फार लांबचं नव्हे.)

दुसरी अडचण प्रत्ययाची. न्याहाळतो कोण? आपण. ब्राउझर हे फक्त साधन. मराठीत साधनाला '-णी' लागतो: लेखणी, गाळणी, चाळणी. त्या हिशेबाने 'न्याहाळणी' व्हायला हवं होतं, पण '-णी' क्रियेलाही लागतो, पेरणी-कापणीसारखा, त्यामुळे तेही घोटाळ्याचं. 'चाळणी' म्हणावं तर आत्या पीठ काढून बसेल. 'चाळक' म्हणावं तर ऐकणाऱ्याला ड्रायव्हर आठवेल.

गंमत म्हणजे ब्राउझर बनवणाऱ्यांनाही हे चरणं फारसं रुचलेलं दिसत नाही. १९९४चा नेव्हिगेटर, १९९५चा एक्सप्लोरर, २००३ची सफारी: कुणी नाविक, कुणी शोधक, कुणी थेट रानात निघालेला.

घडवलेले शब्द रुजत नाहीत, असं मात्र मी म्हणणार नाही. 'संगणक' रुजला. 'संकेतस्थळ'ही रुजलं, आणि ती तर मूळची प्रियकर-प्रेयसीने ठरवून भेटायची जागा. आज महापालिकेच्या निविदा तिथे भेटतात. 'न्याहाळक'ला मात्र लेखाबाहेर कुणी फारसं जवळ केलेलं नाही, आणि पत्रक वाचणाऱ्याला पडद्यावर 'ब्राउझर' हाच शब्द दिसणार आहे. तोच लिहा. मराठीपण क्रियापदात आणि प्रत्ययात सांभाळा: टॅब उघडा, पान खाली सरकवा, हिस्टरी पुसा.

प्रत्ययांच्या बाबतीत लोकांचा कान पक्का आहे. ज्याला भिंती आहेत असं वाटतं त्याला 'मध्ये': फोल्डरमध्ये, टॅबमध्ये, ब्राउझरमध्ये. जो पत्ता किंवा चव्हाटा वाटतो त्याला 'वर': नेटवर, साइटवर, गूगल ड्राइव्हवर. एकाच वस्तूला दोन्ही लागतात तेव्हा फरक नीट दिसतो. फोटो फोनवर येतो, मग फोनमध्ये राहतो. क्लाउडच्या भिंती कुणी पाहिलेल्या नाहीत, म्हणून 'क्लाउडवर'. 'क्लाउडमध्ये' चूक नाही, पण त्याला इंग्रजी कागदाचा वास येतो. पत्रकात तर क्लाउडही टाळता येईल. 'फाइल ड्राइव्हवर ठेवा, म्हणजे कुठल्याही संगणकावरून उघडता येईल' एवढ्यात काम भागतं.

आत्याने तिच्यापुरता तोडगा काढलाय. "जुने फोटो वर टाकलेत," म्हणते, माळ्यावर टाकल्यासारखं. 'वर गेले' मात्र म्हणू देत नाही.