टोचलेली लस आणि पिल्लांची हगवण

प्रश्न : मी पशुवैद्यकशास्त्राची विद्यार्थिनी आहे. 'पीईडी' या विषाणूजन्य हगवणीविरुद्ध गाभण डुकरिणीला लस टोचली, तिच्या रक्तात प्रतिपिंडेही भरपूर आढळली, तरी पहिल्या आठवड्यातली पिल्ले दगावतात, असे वाचले. हे कसे? आणि लस थेट पिल्लांनाच का देत नाहीत?

उत्तर : पिल्लांना लस देण्याइतका वेळच नसतो. लागण झाल्यावर एक ते चार दिवसांत हगवण सुरू होते. लस लागू पडायला दोन-तीन आठवडे हवेत. शिवाय नवजात पिल्लाच्या आतड्यातील रसांकुरांवरच्या (अस्तराच्या बोटांसारख्या बारीक उंचवट्यांवरच्या) पेशी नव्याने यायला ५ ते ७ दिवस लागतात, दूध तुटलेल्या पिल्लात २ ते ३. म्हणून मोठी तगतात, लहान पाणी सुकून मरतात.

म्हणजे संरक्षण आईकडूनच यायला हवे. डुकरिणीच्या वारेतून प्रतिपिंडे गर्भात जात नाहीत; चिकातून, मग दुधातून मिळतील तेवढीच. चिकातले आयजीजी (रक्तात फिरणारे प्रतिपिंड) पहिल्या २४ ते ३६ तासांत पिल्लाच्या रक्तात शोषले जाते. पण विषाणू हल्ला करतो आतड्याच्या अस्तरावर. तिथे दर पाजण्याबरोबर येणारे दुधातले आयजीए (अस्तराची राखण करणारे प्रतिपिंड) लागते. ते बनवणाऱ्या पेशी आईच्या आतड्यात विषाणू भेटल्यावर जाग्या होतात आणि तिथून सडांकडे जातात. स्नायूत टोचलेली मृत लस आतड्याला जागवत नाही. आधी लागण होऊन गेलेल्या मादीत मात्र तीच लस जुनी स्मृती चांगली उजळवते. तेव्हा रक्ताचा अहवाल बाजूला ठेवा. दुधातले आयजीए मोजा.

प्रश्न : मग जिवंत लस तोंडावाटे का नको?

उत्तर : दक्षिण कोरियात 'डीआर-१३' ही तशी लस आहे. व्हेरो पेशींत (प्रयोगशाळेत वाढवलेल्या माकडाच्या मूत्रपिंडाच्या पेशींत) विषाणू १०० वेळा वाढवून तो सौम्य केला. या कामात नवखे लोक हटकून एका जागी अडतात : विषाणूला वाढायला ट्रिप्सिन (प्रथिने तोडणारे पाचक विकर) लागते आणि पेशी ज्या द्रवात वाढवतात त्या माध्यमातले सीरम (रक्तातला पातळ द्रव) ट्रिप्सिनला निकामी करते. म्हणून आधी पेशी नीट धुवायच्या. पण ट्रिप्सिन जास्त झाले तर पेशीच सुटून येतात. सौम्यपणाचेही तसेच. कमी पडला तर पिल्ले आजारी, अति झाला तर विषाणू आतड्यात वाढत नाही आणि आयजीए तयार होत नाही. त्यात २०१० च्या अखेरीस चीनमध्ये बदललेले वाण आले आणि बेल्जियमच्या 'सीव्ही७७७' वाणाची जुनी लस तोकडी पडली. जिवंत लशीचा विषाणू रानटी वाणाशी जनुकांची अदलाबदलही करू शकतो. रोग नसलेल्या भागात ती नेऊ नये.

प्रश्न : मेलेल्या पिल्लांची आतडी वाटून गाभण माद्यांना चारतात, ते योग्य का?

उत्तर : प्रतिकारशक्ती येते, पण मात्रेचा अंदाज नसतो आणि पीआरआरएससारखे (डुकरांच्या प्रजननाचा व श्वसनाचा विषाणूजन्य रोग) दुसरे रोगही त्याच वाटणातून कळपभर जातात. आपल्याकडे डुकरांच्या तापाची धास्ती असताना तर नकोच.